जुन्या लोखंडी सायकलला घरच्या घरी रंग: सीमाभागातल्या पावसात टिकेल असा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बावीस आणि चोवीस इंची जुन्या सायकली अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाची गोठ्याच्या कडेला, कुणाची माळ्यावर, कुणाची जिन्याखाली पोत्यांच्या मागे. आजोबांची किंवा वडिलांची म्हणून भंगारात घालवत नाही आणि गंजली म्हणून चालवत नाही, अशी तिची अवस्था असते. मग एखादा रविवार गाठून बाजारातून काळ्या रंगाचा डबा आणतात, वरून फासतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात सगळं पोपडे धरून निघतं.

या भागात सायकल रंगवणं हे नव्वद टक्के गंजाचं काम आहे आणि रंगाचं काम त्यानंतर येतं. खानापूर, जांबोटी, उचगावकडे पावसाळाभर भिंतींना ओल असते, तिथे लोखंडाला गंजायला भिजावंसुद्धा लागत नाही. अथणी, रायबागकडची हवा कोरडी, तिकडच्या फ्रेम सहसा बऱ्या निघतात. पण सायकल कुठलीही असो, खालची क्रमवारी तीच.

बेळगावचं सायकलशी नातंही जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला, पुढे १९१० मध्ये तो किर्लोस्करवाडीला गेला. त्यामुळे इथल्या माळ्यावर एखादी खरोखर जुनी विलायती सायकल निघाली तर आश्चर्य मानायचं कारण नाही. म्हणून पहिली पायरी डबा उघडण्याची नाही.

१. रंगवायचीच आहे का, हे आधी ठरवा

जुन्या काळ्या सायकलींचा कारखान्यातला रंग भट्टीत भाजून कडक केलेला असायचा. आपण घरी कितीही मन लावून रंगवलं तरी तो कडकपणा येत नाही. त्यावरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असायच्या. हे एकदा खरवडलं की परत मिळत नाही.

तेव्हा आधी फ्रेम साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा आणि मऊ फडक्याने थोडं मशीन ऑइल लावून पुसा. धुळीखालून चकचकीत काळा रंग, कंपनीचं नाव, रेघा असं निम्म्याहून जास्त दिसायला लागलं, तर माझं स्पष्ट मत आहे की रंगवू नका. गंजलेल्या ठिपक्यांपुरतं काम करा, वर गाडीचं मेण चोळा आणि वापरा. रंग करायचा तो फ्रेमला मोठमोठे पोपडे सुटले असतील, मध्ये कुणी हिरवा-निळा रंग फासला असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर.

सायकल कोणती आहे हेही बघून घ्या. पुढच्या नळीवरचा पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला ही पहिली खूण. रॅले, हंबर, रज ही विलायती नावं; आसनसोलची सेन-रॅले; मद्रासच्या टीआय कंपनीच्या हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए; सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ पासूनची; लुधियानाची हिरो १९५६ पासूनची. मागच्या चाकाच्या हबवर 'स्टर्मी-आर्चर' आणि एक दोन आकडी संख्या कोरलेली असेल तर ती संख्या बहुतेक वेळा हब बनल्याचं साल असतं. हब नंतर बदललेला असू शकतो, पण अंदाजाला उपयोगी पडतो.

२. हंगाम धरा

दिवाळी झाल्यापासून शिमग्यापर्यंत. जून ते सप्टेंबर या कामाला हातच लावू नका, पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा नको. ओल्या हवेत रंगावर दुधाळ झाक येते, अस्तर आतून सुकत नाही आणि उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. एप्रिल-मे वरवर बरे वाटतात, पण दुपारनंतर वारा, धूळ आणि केव्हा येईल सांगता येत नाही असा वळीव.

डिसेंबर-जानेवारीतही सकाळी धुकं आणि दव असतं. फ्रेम रात्रभर गार पडलेली असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. म्हणून रंगाचं काम दहाच्या पुढे सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत संपवा, म्हणजे संध्याकाळचा गारवा यायच्या आत वरचा थर धरलेला असतो.

पूर्ण कामाला पाच आठवडे तरी लागतात. प्रत्यक्ष हात चालतो तो थोडाच वेळ, बाकी सगळं सुकण्यात जातं. पोराच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून आठ दिवस आधी सुरुवात करू नका.

३. कागद आणि साहित्य

कागद आधी, कारण तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. सायकल घरचीच असेल आणि जुनं बिल सापडलं तर उत्तम. जुन्या बाजारातून किंवा गावातून घेतली असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, तारीख, रक्कम, फ्रेमचा नंबर आणि सही. त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्सही मागून घ्या. फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर, मागच्या चाकाच्या खाचेजवळ किंवा पायडलच्या नळीखाली (फ्रेमच्या तळाची आडवी नळी, पायडलचा आस हिच्यातून जातो) कोरलेला असतो. रंग काढण्याआधी त्याचा फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या. या नंबरावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची नाही. जुन्या सायकलीवर नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असेल तर तोही काढून जपून ठेवा. फ्रेम बाहेर कुठे कामाला द्यायची झाली तर चलनावर तोच नंबर लिहून घ्या.

साहित्य असं:

- पाने, चांगला पाना-स्क्रू सेट, हातोडा, लोखंडी पाइपचा तुकडा, गंज सैल करणारा स्प्रे
- छर्रे ठेवायला झाकणाच्या डब्या, चिठ्ठ्या चिकटवायला टेप
- पेंट रिमूव्हर, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, तारेचा हात-ब्रश
- वॉटर पेपर: ८०, १२०, २२०, ३२०, ६०० आणि ८०० नंबरचे
- फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा रस्ट रिमूव्हर
- दोन घटकांची पॉलिएस्टर पुट्टी, लहान डबा
- रेड ऑक्साइड मेटल प्रायमर (हेच अस्तर), सिंथेटिक एनॅमल, टर्पेंटाइन
- एक इंची मऊ केसांचा चांगला ब्रश आणि अर्ध्या इंचाचा एक
- मास्किंग टेप, ब्लेड, पांढरी सुती फडकी
- नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, धुळीसाठी एन-९५ मास्क आणि वासासाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क

शेवटच्या दोन मास्कची गल्लत करू नका. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही.

रंगाचा अर्धा लिटरचा डबा फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), दोन्ही मडगार्ड आणि चेनकव्हर इतक्याला पुरतो. बेळगावात रविवार पेठ, खडे बाजाराकडे घराच्या रंगाची दुकानं मिळतील. गाड्यांचा रंग शेड जुळवून देणारी दुकानं वेगळी असतात. कुठेही गेलात तरी दुकानदाराला "लोखंडाला लावायचा रंग" एवढंच सांगून थांबू नका. अस्तर, रंग आणि पातळ करायचं द्रव्य हे तिन्ही एका कुळातले हवेत. का, ते आठव्या पायरीत सांगतो.

४. सायकल सुटी करा

सुरुवात फोटोंनी. दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलीत दांड्या, क्लिपा, स्प्रिंगा कुठे कशा बसतात ते चारही बाजूंनी टिपून ठेवा. चार आठवड्यांनी ते आठवत नाही.

तीन ठिकाणी नवखे हमखास अडकतात.

पहिलं, कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसावर अडकवून ठेवणारी पाचर. नट पूर्ण काढून ठोकलं की पिनच्या टोकाचे आटे चपटे होतात आणि मग ती निघतच नाही. नट पिनच्या टोकाबरोबर येईल इतकाच सैल करा. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा, त्याचं दुसरं टोक दगडी पायरीवर. मग एकच ठाम घाव घाला. आधार न देता टुकटुक ठोकत बसलात तर धक्का आतल्या छर्ऱ्यांना आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्यांना बसतो.

दुसरं, उलटे आटे. डाव्या बाजूचं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून निघतं. पायडलच्या नळीतली उजवीकडची, म्हणजे चेनच्या बाजूची वाटीही तशीच उलट्या आट्याची. ती वाटी चांगली असेल तर मी काढायला सांगत नाही. जागेवर राहू द्या, आतून टेप आणि कागदाचा बोळा घाला. जुन्या रॅलेचे आटे इतरांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तिच्या वाट्या खराब झाल्या तर बाजारातल्या साध्या वाट्या बसत नाहीत. त्या सांभाळाच.

तिसरं, सीटची दांडी. वर्षानुवर्षं न हललेली दांडी आत गंजून बसते. सैल करणारा स्प्रे वरून मारा, मग फ्रेम उलटी टांगून पायडलच्या नळीतूनही मारा, आणि दोन-तीन दिवस वाट बघा. दांडीला पाना लावून दोघांनी मिळून पिळायला गेलात तर वरचा जोड फाटू शकतो.

चिमटा काढताना खाली ताट ठेवा, छर्रे सुटे पडतात. हँडल, चाकं, कॅरियर, स्टँड, सगळं उतरवा. कंपनीचा बिल्ला बारीक रिबिटांनी बसवलेला असतो. सहज निघत नसेल तर जागेवर ठेवून टेपने झाका आणि कडेने ब्लेड फिरवा.

५. फ्रेम तपासा

सुटी झालेली फ्रेम उजेडात धरा. सीटखालचा जोड, चिमट्याचा माथा, पायडलच्या नळीला चिकटून मागे जाणाऱ्या नळ्या, इथे केसासारखी चीर आहे का बघा. पायडलची नळी खालून बोटांनी चाचपा, पाणी साठून ती तिथूनच कुजते. नळ्यांवर नाण्याने टकटक करा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून पत्रा खाल्लेला असण्याची शक्यता धरा.

चीर असेल तर गॅस वेल्डिंगवाल्याकडून पितळी सळईने भरून घ्या. या फ्रेमचे जोड मुळात पितळेनेच भरलेले असतात. शेतीची अवजारं जोडणारं साधं आर्क वेल्डिंग इथे करू नका, पातळ नळीला भोक पडतं आणि शेजारचा भाग ठिसूळ होतो.

६. जुना रंग काढा

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगात काय आहे हे बघून कळत नाही, म्हणून शिसं आहे असं धरूनच वागायचं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते फार घातक असतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. कोरडं घासायचं नाही, नेहमी पाणी लावून घासायचं. ब्लो-लॅम्प लावून रंग जाळायचा नाही. पोरं आणि गरोदर बाईमाणूस त्या बाजूला नको. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, खरवड त्याच्यातच गोळा करा, पिशवीत बांधा. आडाच्या काठावर, परसातल्या भाजीच्या वाफ्याजवळ, तुळशीपाशी हे काम अजिबात करायचं नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा, जेवणाआधी हात साबणाने.

पेंट रिमूव्हर उघड्यावर लावा. मेथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो, तेव्हा बाथरूममध्ये दार लावून हे काम कुणीही करू नये. जाड थर एका दिशेने फासा, वरून पॉलिथिन गुंडाळा म्हणजे लवकर सुकत नाही, आणि रंगाला सुरकुत्या येऊ द्या. मग लाकडी पट्टीने काढा. वरचे हाताने मारलेले रंग पटकन सुटतात. खालचा कारखान्याचा काळा दोन-तीन वेळा लावल्याशिवाय हलत नाही. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, जोडांच्या फटीत उरलेला रिमूव्हर नंतर नवा रंगही सोडवतो.

ग्राइंडरला तारेची वाटी लावून दहा मिनिटांत फ्रेम पांढरी करता येते, खरं. पण ती जोडांच्या नक्षीदार कडा गोल करते आणि तार तुटून डोळ्यात जाऊ शकते. वापरायचीच तर फक्त सपाट नळीवर, चष्मा लावून.

सँडब्लास्टिंगचा मार्गही आहे. बेळगावातली उद्यमबाग ही फाउंड्री आणि मशीन शॉपची वसाहत, तिथे अशी कामं करणारे भेटतात. मात्र ओतीव लोखंडाला वापरतात तो जाड छर्ऱ्याचा मारा सायकलच्या पातळ नळीला झेपत नाही. बारीक कण आणि कमी दाब, हे बोलून घेतल्याशिवाय फ्रेम देऊ नका.

७. गंज मुळापासून

ही पायरी नीट केली तर पुढचं सगळं सोपं.

सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने काढा, मग १२०, मग २२०. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतील, ते पेपरने निघत नाहीत. त्यांना फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा रस्ट रिमूव्हर लावा, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ. लोखंडावर करडी झाक येते. तो फॉस्फेटचा पातळ थर असतो आणि त्यावर अस्तर चांगलं धरतं. मग डब्यावर धुवायला सांगितलं असेल तसं धुवा. शेवटचं पाणी कढत घ्या, कारण तापलेलं लोखंड आपोआप झटकन कोरडं होतं. फडक्याने पुसा आणि लगेच उन्हात टांगा.

संडास धुवायचं अ‍ॅसिड स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जण तेच ओततात. गंज डोळ्यांदेखत जातो, त्यामुळे विश्वासही बसतो. पण ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. त्यातला क्लोराइड जोडांच्या फटीत राहतो, आणि वर कितीही चांगला रंग दिला तरी पहिल्या पावसात तिथूनच गंज फुलतो. ते वापरू नका.

मडगार्डची दुमडलेली कड विसरू नका. चिखल तिथे वर्षानुवर्षं बसलेला असतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि काडीने ती कड पूर्ण मोकळी करा.

उघडं लोखंड आपल्याकडे एक रात्रही तसं ठेवायचं नाही. हाताच्या घामाचे ठसेसुद्धा दुसऱ्या दिवशी तांबडे होऊन उठतात. म्हणून कामाचे भाग पाडा: आज फक्त चिमटा, उद्या फ्रेम, परवा मडगार्ड. जो भाग सकाळी उघडा झाला त्याला त्याच दिवशी दुपारपर्यंत अस्तर.

अस्तराच्या आधी हातमोजे घालून, पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसा. फडकं बदलत राहा, ते पांढरंच निघेपर्यंत. डिझेल, रॉकेलने हे शेवटचं पुसणं करू नका, त्यांचा तेलकट थर मागे राहतो.

८. रंगाचं कूळ ठरवा

बाजारात घरच्या कामासाठी साधारण तीन कुळं मिळतात.

सिंथेटिक एनॅमल हा आपल्या खिडकीच्या गजांना लावतो तो. टर्पेंटाइनने पातळ होतो, ब्रशने छान बसतो, ब्रशच्या रेघा स्वतःहून विरघळून सपाट होतात. सुकायला वेळ खातो. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच सांगतो.

दुसरं, स्प्रेच्या डब्यातला अ‍ॅक्रिलिक किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. झटपट सुकतो, सफाई दिसते, पण थर पातळ आणि टवके लवकर उडतात. नुसत्या फ्रेम आणि चिमट्यालाही ४०० मिलिलिटरचे दोन-तीन डबे सहज जातात.

तिसरं, दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन). गाड्यांचा रंग तो हाच, सगळ्यात कडक आणि चमकदार. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क पुरत नाही. घरी फवारू नका. हवाच असेल तर तासून, गंज काढून तयार केलेली फ्रेम गाड्या रंगवणाऱ्या चांगल्या गॅरेजला द्या.

आता कुळाची गोष्ट. एनसी थिनर जहाल असतो. सिंथेटिक एनॅमलवर एनसी रंग किंवा स्प्रे मारला की खालचा रंग सुरकुतून वर येतो आणि सगळं परत खरवडावं लागतं. रेड ऑक्साइडच्या ताज्या अस्तरावर स्प्रे मारला तरी तेच. खालपासून वरपर्यंत एकच कूळ ठेवा, आणि कमी वापरल्या जाणाऱ्या जागेवर, उदाहरणार्थ मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, आधी सगळे थर देऊन बघा.

पावडर कोटिंगबद्दलही विचारतात. ते मजबूत असतं, साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, फ्रेमच्या पितळी जोडांना त्याने काही होत नाही. पण थर जाड बसतो, जोडांची नक्षी बुजते आणि आटे भरतात. रोजच्या वापराची सायकल असेल तर जरूर करा. आटे आणि वाट्यांच्या जागा झाकून द्यायला सांगा. जुनी विलायती असेल तर मला ते पटत नाही.

पुढच्या पायऱ्या सिंथेटिक एनॅमल धरून आहेत.

९. लांबी आणि अस्तर

खोल खड्डे असतील तिथेच पॉलिएस्टर पुट्टी भरा, तीही उघड्या, १२० नंबरने खरबरीत केलेल्या लोखंडावर. हार्डनर मिसळल्यावर काही मिनिटांतच ती धरते, म्हणून सुपारीएवढीच घोळा. कडक झाली की २२० ने सपाट. ही पुट्टी पाणी शोषते, त्यामुळे तिला कोरडंच घासा, मास्क लावून. इथपर्यंत जुना रंग पूर्ण निघालेला असल्याने शिशाचा प्रश्न उरलेला नसतो. बारीक ओरखडे भरत बसू नका, ते अस्तराचे थर गिळतात.

सगळ्या आट्यांना, वाट्यांच्या जागांना, चाकांच्या खाचांच्या आतल्या कडांना टेप लावा. फ्रेम पुढच्या नळीतून दोर ओवून टांगा. अंगणापेक्षा पडवी किंवा शेड बरी. काम सुरू करण्याआधी तासभर जमिनीवर हलका सडा घाला म्हणजे पावलांनी धूळ उडत नाही.

रेड ऑक्साइडचा डबा काठीने तळापासून ढवळा, कारण गंज रोखणारा जड भाग खाली बसलेला असतो. काही लोखंडी अस्तरांमध्ये झिंक क्रोमेट असतं, ते कर्करोगकारक आहे. लावताना हातमोजे, घासताना मास्क आणि पाणी. पहिला हात पातळ. एक दिवस थांबा. ३२० ने पाणी लावून हलकेच घासा, धुवा, पूर्ण कोरडं करा, दुसरा हात. घासताना कुठे लोखंड चमकलं तर त्या ठिकाणी लगेच ठिपका द्या. पायडलच्या नळीखाली, मडगार्डच्या आतून आणि चेनकव्हरच्या आतून मी तिसरा हात देतो, कारण चिखलाचा मारा तिथेच बसतो.

१०. रंग

रंग जुन्या मोज्यातून किंवा बारीक गाळणीतून गाळून घ्या. टर्पेंटाइन डब्यावर सांगितलंय त्या प्रमाणात, ब्रश ओढताना जड वाटणार नाही इतपतच. नव्या ब्रशचे सुटे केस आधी तळहातावर झटकून काढा.

क्रम महत्त्वाचा. आधी दडलेल्या जागा: पायडलच्या नळीखाली, मागच्या दोन नळ्यांच्या मधली बाजू, चिमट्याची आतली बाजू. मग जोड. सगळ्यात शेवटी लांब नळ्या. नळीवर ब्रश आडवा फिरवून रंग पसरवा आणि शेवटची हलकी ओढ नळीच्या लांबीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता.

ओघळ जोडांच्या खालच्या कडेला येतात. पाच-सात मिनिटांनी परत येऊन तिथे कोरडा ब्रश टेकवा. सुकायला लागल्यावर मात्र हात लावू नका. राहिलेला ओघळ पूर्ण वाळल्यावर ६०० ने कापता येतो, अर्धओल्या रंगात ढवळाढवळ केली तर व्रण राहतो.

तीन पातळ हात दोन जाड हातांपेक्षा केव्हाही चांगले. प्रत्येक हातामध्ये किमान चोवीस तास, थंडीत दीड दिवस. मधल्या थरांना ६०० आणि शेवटच्या आधी ८०० ने पाणी लावून नुसती चमक मारण्यापुरतं घासा. ओला रंग थेट उन्हात ठेवायचा नाही, वर साय धरते आणि आतला ओला राहून फुगे येतात. बोटाला चिकटेनासा झाला की मग ऊन द्यायला हरकत नाही.

रंगाचे बोळे, टर्पेंटाइनची फडकी घरात कोंबून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा. जवळ बिडी-काडी, चूल नको.

११. रेघा आणि नावं

सोनेरी रेघ हवी असेल तर रंग किमान आठवडाभर सुकू द्या. बारीक मास्किंग टेप दोन समांतर लावून मधल्या फटीत रंग भरता येतो, पण जोडाभोवतीच्या वळणावर टेप साथ देत नाही. तिथे लांब केसांचा रेघ ओढायचा ब्रश लागतो आणि हात बसलेला लागतो. मी सरळ सांगतो: हे काम जाणत्याला द्या. ट्रकच्या पाठीमागची अक्षरं लिहिणारे पेंटर आपल्याकडे अजून आहेत. गणपतीच्या दागिन्यांची आखणी करणाऱ्या मूर्तिकारांचा हात तर या कामात फारच सुंदर चालतो, आणि चतुर्थीचा हंगाम सरल्यावर त्यांना वेळही असतो. जुन्या फोटोवरून रेघांची जाडी आणि जागा दाखवा.

कंपनीच्या नावाचे पाण्यावर सुटणारे स्टिकर नवे मिळतात. ते लावून वर त्याच कुळातल्या वार्निशचा हात द्या, आणि हेही आधी मडगार्डच्या आत करून बघा.

१२. नळीच्या आतली बाजू

बाहेरून कितीही मढवलं तरी नळ्या आतून उघड्याच असतात. सीटच्या दांडीतून पावसाचं पाणी आत जातं, पायडलच्या नळीत साठतं, आणि पाचव्या पायरीत जो बद्द आवाज ऐकला तो त्यातूनच येतो. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं. खायचं घाण्याचं तेल नको, ते फार हळू सुकतं. रंग पूर्ण वाळल्यावर प्रत्येक नळीत थोडं थोडं ओता, भोकं बोळ्यांनी बंद करा, फ्रेम सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा, मग उलटी करून एक दिवस निथळू द्या. बाहेर आलेले थेंब लगेच पुसा. रंगाच्या आधी हे करू नका, तेल बाहेर आलं तर अस्तर धरत नाही.

या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेतात. ठिणगीची गरज नसते. काम झालं की ती पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक सुटी वाळत घाला.

१३. जोडणी

शेवटच्या हातानंतर तीन आठवडे तरी थांबा. पायडलच्या नळीखाली, दिसणार नाही अशा जागी नख दाबून बघा. खूण उमटली आणि राहिली, तर अजून थांबा. बोटाला सुका वाटणारा रंग आत मऊ असतो. त्यावर कॅरियरची किंवा स्टँडची क्लिप आवळली की रंग क्लिपेबरोबर निघून येतो. क्लिपांखाली जुन्या ट्यूबची पातळ पट्टी घाला.

आट्यांवर रंग गेला असेल तर ब्लेडने काढा. छर्रे नवे घ्या, ते महाग नसतात. पायडलच्या नळीत बहुतेक सायकलींना पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. ग्रीस सढळ हाताने. कॉटर पिनही नव्या घ्या, दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिनचा उतार कानशीने जुळवून, ठोकून, मगच नट आवळा. नटाने पिन ओढून बसवायला गेलात तर आटे जातात. पहिल्या आठवड्यात पिना दोनदा ठोकून नट परत आवळा, ब्रेकच्या दांड्यांच्या क्लिपाही तपासा.

उरलेला रंग लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा; आत हवा कमी राहिली की साय धरत नाही. दरवर्षी मृग लागायच्या आधी फ्रेम पुसून बघा, जिथे टवका उडालाय तिथे ६०० ने घासून त्याच बाटलीतला ठिपका द्या, आणि सीटच्या दांडीला ग्रीस लावून परत बसवा.